मरायची मुभा

दुर्गेबाईंना खोकल्याची उबळ आली की त्या शिकवणं थांबवून वर्गाबाहेर पडायच्या, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि खोकला पुरता संपल्यावर तोंड पुसून परत यायच्या. मी नवी होते, मला ती शिस्त वाटली. पुढं लक्षात आलं, की आपण आजारी आहोत हे कुणाला कळू नये म्हणून त्यांची ती धडपड असायची. कुणी सहज म्हटलं, "बाई, आज उतरलेल्या दिसता," की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम ताठ चालत शाळेत यायच्या.

आंध्रात तालुके मोडून मंडलं झाली त्या सुमारास मी आदिलाबादकडच्या बेल्याच्या मराठी शाळेत रुजू झाले. दुर्गेबाई तिथं हेडमास्तरीण होत्या. मला राहायला जागा हवी होती, तर त्यांनी आपल्या घराला लागून असलेली खोली दिली. पण त्याआधी चौकशी केली. दार आतून लावायची सवय आहे का, दिवा विझवून झोपतेस की जळत ठेवतेस, स्वयंपाक चुलीवर की स्टोव्हवर. स्टोव्हवर, मी म्हटलं.

"पंप मारशीन तवा मले हाक मारत जाय," त्या म्हणाल्या. "मी उभी राहीन."

मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाल्या. पण रोज सकाळी मी स्टोव्ह पेटवताना बाई ओलं गोणपाट हातात धरून माझ्या दारात उभ्या असायच्या. ज्योत निळी झाली की निघून जायच्या.

त्यांना विजेच्या बटणाची भीती होती, विहिरीच्या काठाची होती, ज्वारी उभी असली की वाटेवरच्या सापाची होती. मोटारसायकलवर त्या कधी बसल्या नाहीत. पोरं मागून त्यांना भेवाडबाई म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं. पण हीच बाई शाळेच्या छतासाठी आदिलाबादच्या ऑफिसात जाऊन साहेबाच्या टेबलासमोर अशी उभी राहायची, की साहेबच चुळबुळायला लागायचा. पाटलाचा पोरगा शाळेच्या आवारात बैल बांधायचा, तर बाईंनी स्वतः ते सोडून रस्त्यावर हाकलले. माणसांना त्या भीत नव्हत्या. भीत होत्या त्या फक्त अशा गोष्टींना, ज्यांनी माणूस एकाएकी मरतो.

या भीतीचं मूळ दिवसभर ओसरीत बसलेलं असायचं. नामदेव, त्यांचा धाकटा भाऊ. वय चाळिशीच्या पुढं, दाढीत पांढरे केस, आणि समज चार-पाच वर्षांच्या लेकराएवढी. बाई त्याला नामा म्हणायच्या, तो त्यांना अक्का. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत तो बसायचा. शेजारी राजन्ना नावाचे रिटायर कंडक्टर होते. ते त्याला जुनी तिकिटं आणून द्यायचे आणि तो ती रंगाप्रमाणे लावायचा. गोड हसायचा, पण बाई जवळ आल्या की हसू आवरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्यांच्या कपाळाला आठी पडली की याच्याही पडायची.

त्याला स्वतःच्या हातानं जेवता येत नव्हतं असं नाही, पण बाई भाकर चुरून दिल्याशिवाय तो हात लावायचा नाही. म्हणून बाई कुठं मुक्कामाला गेल्या नाहीत, लग्नाकार्याला गेल्या नाहीत. स्वतःचं लग्नही त्यांनी केलं नाही. मी एकदा आडून विचारलं, तर म्हणाल्या, "मले मरायची मुभा नाई, तं लग्नाची कुठून आसंन?"

हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, जसं कुणी सांगावं की आज शाळेला सुट्टी नाही.

त्यांचा बाप एका मालकाकडं सालदार होता. सगळं कुटुंब मालकाच्या गोठ्यात राहायचं. बाप खाटेला खिळला तेव्हा मालकानं दुपारच्या वेळी त्यांची भांडी आणि बाज रस्त्यावर काढून ठेवली. बाई तेव्हा शाळेत शिकायला गेल्या होत्या. परत आल्या तर नामा बाजेखाली बसलेला. त्या दिवसापासून, त्या म्हणायच्या, मला छत लागतं. पगारातून एकेक वीट जमवून त्यांनी घर बांधलं आणि पुढं थोडं शेत घेतलं. त्यांच्या घराण्यात स्वतःच्या नावाचं घर असलेल्या त्या पहिल्याच. पावसाळा सरला की भिंतीला पोपडे आलेत का ते त्या बोटांनी चाचपून बघायच्या.

एका सकाळी चौथीच्या वर्गात भूगोल सांगता सांगता बाई खाली जमिनीवर बसल्या. पोरी घाबरल्या. मी धावत गेले तर त्यांचे ओठ पांढरे पडले होते, एक हात छातीवर. डॉक्टरला बोलावू म्हटलं तर मानेनंच नको म्हणाल्या. थोड्या वेळानं उठल्या, फळ्याला धरून उभ्या राहिल्या आणि उरलेला धडा पुरा केला. संध्याकाळी माझ्या खोलीत आल्या. त्या कधी बसत नसत, त्या दिवशी बसल्या.

"शालू, आज मी गेली असती," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच बाई."

"काहीतरी नाई. गेली असती आन् नामा ओसरीत बसून राह्यला असता. भाकर कोनी चुरली असती?" मग म्हणाल्या, "मले कागद करा लागते. वकिलाकडं संगं चालशीन?"

आदिलाबादला कचेरीच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे वकील होते. निजामाच्या काळापासूनचे कागद त्यांनी लिहिलेले. मराठी कळायचं, पण बोलायचे हिंदीतच. बाईंनी सगळं सांगितलं. घर आहे, शेत आहे, भाऊ असा आहे. थोरला भाऊ वारला, त्याचा मुलगा प्रकाश आदिलाबादला एका ऑफिसात क्लार्क आहे. माझ्यामागं काय करावं?

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "दो रास्ते हैं बाई. एक वसीयत. वो आपके मरने के बाद बोलती है. तब तक घर आपका, खेत आपका. कल दिल बदला तो फाड़ दो, नई लिखो. मगर जब वो बोलेगी, तब आप नहीं होंगी. कोई भी कोर्ट में आके कहेगा, बाई का दिमाग ठिकाने पे नहीं था. जवाब कौन देगा?"

"आन् दुसरा?"

"ट्रस्ट. घर और खेत तीन लोगों के हाथ में सौंप दो, अमानत समझो. मालिक कोई नहीं. जो आए वो सिर्फ भाई पर खर्च हो. वो आज से चालू होगा, आपके सामने. मगर लिख दिया तो लिख दिया. फिर घर आपका नहीं."

 त्या शेवटच्या शब्दांवर बाईंनी पदर घट्ट धरला.

"घर आपका नहीं, म्हंजे?"

"मतलब, आपके नाम पे नहीं."

"वसीयत लिवा," बाई म्हणाल्या.

मृत्युपत्र हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. गावात कुणी वसीयत म्हणायचं, तेलुगू माणसं वीलुनामा म्हणायची. बाई नुसतं 'तो कागद' म्हणायच्या. त्यात असं लिहिलं, की माझ्यामागं सगळं नामदेवचं, प्रकाशनं त्याचा सांभाळ करावा, आणि नामदेवच्या पश्चात ते सगळं प्रकाशचं. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि राजन्नांनी केली. प्रकाशला बाईंनी घरी बोलावून वाचून दाखवलं. तो पाया पडला. म्हणाला, "आत्या, तुमी काई चिंता नका करू. नामाकाका माह्या घरचाच हाय."

प्रकाश वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. बाप गेल्यावर बाईंनीच त्याला शिकवलं होतं. बोलायला मऊ, कपडे स्वच्छ, कुणाच्या अध्यात नाही. राजन्नांशी मात्र त्याचं जमत नव्हतं. बाईंच्या आणि राजन्नांच्या घरांमधल्या नालीवरून त्यांची एकदा जी जुंपली, ती कायमचीच.

मला वाटलं होतं, कागद झाल्यावर बाईंना झोप लागेल. झालं उलटंच. आधी त्यांना मरणाची भीती होती. आता तिला माणसाचं तोंड आलं. प्रकाश पूर्वी सणावाराला यायचा, तो आता दर रविवारी यायला लागला. हे प्रेमानं असेल, आपल्यावर जबाबदारी टाकलीय म्हणूनही असेल. पण तो आला की बाई ओसरीतून हलायच्या नाहीत. त्यानं नामाच्या पाठीवर हात ठेवला की त्या हाताकडे बघत बसायच्या. नामा त्यांच्याकडे बघायचा आणि अंग चोरून घ्यायचा.

एका रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले. बाई ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर जिलबीचा पुडा उघडा. नामाला त्यांनी आपल्या बाजूला बसवून त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. तो रडवेला झाला होता.

"काय झालं बाई?"

"काई नाई. प्रकाशनं जिलबी आनली व्हती. मी खाल्ली."

"मग?"

"मंग काई नाई. पाहून राह्यली."

 मी त्यांच्याजवळ बसले. ऊन ओसरीतून अंगणात उतरलं, अंगणातून रस्त्यावर गेलं. बाई मधूनच स्वतःच्या पोटावर हात ठेवायच्या, जीभ टाळूला लावून बघायच्या. दिवे लागायच्या वेळेला त्यांनी नामाचं मनगट सोडलं आणि पुडा त्याच्याकडे सरकवला. तो अधाशासारखा खायला लागला. बाई तोंडावर पदर घेऊन रडल्या. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"लेकरू म्हून वाढवलं मी त्या पोराले," त्या म्हणाल्या. "आज त्याच्या हातचं असं तपासून पाह्यलं."

मी म्हटलं, "बाई, प्रकाशच्या मनात असं काही येणार नाही."

"आज नाई येनार. पन मी गेल्यावर? नामा आजारी पडंन, हातरुनात घान करंन, रातची झोप नाई. त्याची बायको कुरकुर करंन. आन् पेटीत कागद हाय, की हा गेला तं घर आपलं. शालू, मानूस वाईट नसते. पन मी त्याले रोज वाट पाहाले लावलं ना."

यानंतर थोड्याच दिवसांनी ती गोष्ट घडली. नामाला गाडीत बसायची फार हौस होती. प्रकाशनं आत्याच्या मागं लागून लागून त्याला एक दिवस आदिलाबाद दाखवायला नेलं. बाई आधी नकोच म्हणत होत्या. मग जिलबीचं ओझं मनावर असेल म्हणून असेल, हो म्हणाल्या. संध्याकाळच्या गाडीनं प्रकाश परत आला. एकटाच.

त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "आत्या, मी पानी आनाले गेलो, येक मिनिट हात सोडला. परत आलो तं काका नाई. सारं स्टँड पाह्यलं. पोलिसात सांगून आलो."

बाईंनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. त्या उठल्या आणि चपला न घालता रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, जणू पुढची गाडी नामाला घेऊनच येईल. राजन्ना त्याच पावली निघाले, मिळेल त्या लॉरीनं आदिलाबादला गेले आणि डेपोतल्या ओळखीच्या प्रत्येक कंडक्टरला विचारत सुटले. ती रात्र आम्ही कशी काढली ते सांगत नाही. सकाळी राजन्ना नामाला हाताला धरून गाडीतून उतरले. नामा स्टँडवर उभ्या असलेल्या कुठल्याशा गाडीत चढून बसला होता, ती गाडी बाजारहत्नूरला गेली होती. तिथल्या कंडक्टरनं त्याला जेवू घालून आपल्याजवळ झोपवलं होतं. नामाला काही झालं नव्हतं. मुठीत तिकिटं होती.

प्रकाश ओसरीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. शपथा घ्यायला लागला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू खरंच बोलून राह्यला आसशीन," त्या म्हणाल्या. "पन मले आता ते कधीच कळनार नाई. तुलेई सांगता येनार नाई. हेच वाईट झालं."

त्यानंतर त्यांनी तो कागद फाडला आणि मला घेऊन पुन्हा वकिलांकडे गेल्या. या खेपेला बोलल्या त्या, वकीलसाहेब लिहीत गेले. ट्रस्ट करायचा. तीन माणसं नेमायची. राजन्ना, मी, आणि प्रकाश.

वकीलसाहेबांनी लेखणी थांबवली. "भतीजे को भी?"

"त्याले भायेर ठेवलं तं तो वैरी होईन. आत ठेवला तं दोघांच्या नजरेत राहीन. त्याचं आन् राजन्नाचं जमत नाई, ते बरंच हाय. दोघं मिळून काई करनार नाईत. ही शालू मधात राहीन."

मग पुढच्या अटी. शेताचं अर्धं पीक नामाच्या खर्चाला. उरलेलं अर्धं प्रकाशला, पण नामा जिवंत आहे तोवरच. नामा गेला की प्रकाशचं पीकही बंद आणि घर-शेत गावातल्या मुलींच्या वाचनालयाला. तिघांपैकी कुणालाही काही नाही.

"नामा जगला पायजे," बाई म्हणाल्या, "आन् तो जगावा असं सगळ्यायले वाटलं पायजे. मी जे उलटं लिवलं व्हतं ते सुलटं करा."

रजिस्ट्रीच्या दिवशी मी सोबत होते. ऑफिसात गर्दी, पंखा बंद, कागदांचा वास. तेलुगू क्लार्कनं पान उलटून बोट ठेवलं, "अम्मा, इक्कड संतकम." सही इथं. बाईंनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर शाळेत नमुन्याचं मानलं जायचं. पेनचं टोक कागदाला लागलं आणि तिथंच थांबलं. मागची माणसं खाकरायला लागली.

"वकीलसाहेब," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे झाल्यावर मी त्या घरात कोन?"

"रहने का हक लिखा है बाई. आखरी दम तक. कोई निकाल नहीं सकता."

"लिवलेलं हाय, नाई का?"

"लिखा है. तीसरे पन्ने पर."

बाईंनी तिसरं पान काढलं. त्या ओळी स्वतः वाचल्या, मग मला वाचायला लावल्या. त्यांना या क्षणी रस्त्यावर काढून ठेवलेली ती बाज दिसत असणार. मग त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी बिनघराची झाली." थोड्या वेळानं, "पानी दे."

मला वाटलं, झालं. पण दुर्गेबाईंची भीती तेवढ्यावर भागणारी नव्हती. कागद चांगला लिहिलाय हे खरं, पण तो चालतो का? त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. पायाशी पिशवी भरून ठेवलेली.

"मी तामसीले मावसबहिनीकडं चालली," त्या म्हणाल्या. "तुमी असं समजा का मी मेली. काई अडलं तं मले विचाराचं नाई. मेल्या मानसाले कोनी विचारते का?"

राजन्ना आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "असं अशुभ कायको बोलते बाई?"

"अशुभ नाई राजन्ना. तुमच्या डेपोत गाडी नवीन आली का आधी रिकामी चालवून पाहात व्हते ना? तसं."

पहिले दिवस वाईट गेले. नामा दाराशी उभा राहून अक्का, अक्का करायचा. मी भाकर चुरून दिली तर ताट ढकलून दिलं. राजन्नांनी तिकिटं दाखवली, शिट्टी वाजवली. प्रकाश ऑफिसातून थेट बेल्याला यायचा आणि ओसरीतच झोपायचा. त्याच्या आणि राजन्नांच्या कुरबुरी चालूच. दूध कुणी जास्त तापवलं, पांघरूण कुणी घातलं नाही. बाईंनी म्हटलं होतं तसंच झालं. दोघंही एकमेकांवर डोळा ठेवून होते आणि त्यात नामाचं सगळं वेळच्या वेळी होत होतं. एका सकाळी प्रकाशनं पुढ्यात ताट ठेवलं आणि नामा त्याच्या हातून जेवला.

बाई परत आल्या तेव्हा आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नामाला जवळ घेतलं. चार दिवसांनी पुन्हा तामसीला गेल्या. त्या गेल्या की नामा पुन्हा दाराशी उभा राहायचा, पण दर खेपेला कमी वेळ. आणि बाई दर खेपेला जास्त दिवस राहायला लागल्या. त्यांची छाती आता चालताना दुखायची. ते त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. मावसबहिणीनं मागाहून सांगितलं. आपल्याला किती वेळ उरलाय हे बाईंना कळलं होतं आणि उरलेला वेळ त्यांनी भावापासून लांब राहण्यात घालवला.

त्या तामसीतच गेल्या. निरोप आला तेव्हा प्रकाश आणि मी गेलो, राजन्ना नामाजवळ थांबले. नामाला सांगितलं, अक्का आता येणार नाही. त्यानं ऐकलं, थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं आणि तिकिटं लावायला घेतली.

नामा त्यानंतर बरीच वर्षं जगला. राजन्ना त्याच्या आधी गेले, ट्रस्टमध्ये त्यांच्या जागी त्यांची सून आली. प्रकाश बेल्यालाच राहायला आला. शेवटच्या तापात त्यानं नामाला लेकरासारखं उचलून नेलं-आणलं. बाजारहत्नूरच्या त्या दिवसाबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. घरात आता मुली पुस्तकं वाचत बसतात. नामा गेल्यावर प्रकाशनं चावी स्वतः आणून दिली.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याच्या महिनाभर आधी. मी दुपारच्या सुट्टीत घराकडे येत होते. रस्त्यापलीकडं पानठेल्याच्या सावलीत एक बाई पदर पुढं ओढून उभी होती. चालण्यावरून नाही, उभं राहण्यावरून मी ओळखलं.

"बाई, इथं काऊन उभ्या? घरी चला."

"नाई येत," त्या म्हणाल्या. "मले पाह्यलं तं पुन्हा पयल्यापासून सुरू होईन." त्या फार वाळल्या होत्या. माझा दंड धरला, तो हात थंडगार होता.

त्या दिवशी प्रकाशची रजा होती, समोर ओसरीत तो नामाची दाढी करत होता. साबणाचा फेस त्यानं नामाच्या नाकाला लावला, मग स्वतःच्याही लावला. नामा खदाखदा हसला. पोट धरून, डोळे मिटून, मोठ्यानं. रस्त्यावरून जाणारी माणसंही हसली.

बाई बघत राहिल्या.

"असा हासते तो?" त्यांनी विचारलं.

"अलीकडं हसतो."

"माह्याजवळ कधी नाई हासला असा." त्यांनी पदर आणखी पुढं ओढला. मग म्हणाल्या, "माह्या तोंडाकडं पाहाचा आन् भ्याचा. मी भेत राह्यली, म्हून तोई भेत राह्यला. मले वाटे, मी त्याले सांभाळून राह्यली."

तेवढ्यात गाडी आली. मी त्यांना हात देऊन पायरीवर चढवलं. आत घराच्या बाजूची खिडकी रिकामी होती. बाई तिथं क्षणभर थांबल्या, मग पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या, तोंड शेताकडे करून. कंडक्टरनं शिट्टी दिली.